पाच जणी, दहा गाणी

१९९५ च्या सुमारास लंडनमधल्या संगीताच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरली होती : मुलींचे बँड चालत नाहीत. कॅसेट आणि सीडी घेणाऱ्या, खोलीच्या भिंतीवर पोस्टर डकवणाऱ्या असतात शाळकरी मुली, आणि त्यांना हवे असतात देखणे मुलगे. टेक दॅटसारखे बॉयबँड खोऱ्याने पैसा ओढत होते. उरलेली जागा ओअॅसिस आणि ब्लर यांच्या गिटारींनी व्यापलेली. पोरींनी यायचं कुठून आणि उभं राहायचं कुठे?

मग ४ नोव्हेंबर १९९६ ला ब्रिटनच्या दुकानांत दहा गाण्यांचा एक अल्बम आला. नाव 'स्पाइस', गाणाऱ्या स्पाइस गर्ल्स. जगभरात त्याच्या २ कोटी ३० लाखांच्या आसपास प्रती खपल्या. मुलींच्या गटाच्या दुसऱ्या कुठल्याही अल्बमला हा आकडा आजवर गाठता आलेला नाही.

या पाच जणींवर तेव्हापासून एक शिक्का बसलाय : हा 'बनवलेला' बँड. कुणीतरी जाहिरात दिली, पोरी गोळा केल्या, कपडे चढवले, गाणी हातात दिली. यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. पण अल्बम घडला कसा, हे बारकाईने पाहिलं की दिसतं की मोक्याच्या प्रत्येक वेळी 'हो' किंवा 'नाही' म्हणणाऱ्या याच पाच जणी होत्या, आणि बहुतेक वेळा त्यांनी 'नाही' म्हटलं म्हणूनच अल्बम उभा राहिला. त्या घडण्यातले हे भन्नाट किस्से.

दोघींनी फेरी चुकवली, तरी निवड पक्की

१९९४ च्या सुरुवातीला 'द स्टेज' या नाटक-सिनेमावाल्यांच्या वृत्तपत्रात एक छोटी जाहिरात आली. देणारे होते बॉब आणि ख्रिस हर्बर्ट, म्हणजे बाप-लेक. कंपनीचं नाव हार्ट मॅनेजमेंट. अठरा ते तेवीस वयाच्या, गाता-नाचता येणाऱ्या, धडाडीच्या मुली हव्यात, एवढीच अट. ४ मार्च १९९४ ला ऑक्सफर्ड स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या 'डान्सवर्क्स' स्टुडिओत सुमारे चारशे मुली हजर झाल्या.

आणि जेरी हॅलिवेल? ती आलीच नव्हती! बर्फात स्कीइंग करताना उन्हाने तिचा चेहरा भाजून निघाला होता. पुढच्या फेरीला ती थेट येऊन थडकली आणि आत शिरली. मेल सी, म्हणजे मेलनी चिझम, पहिल्या फेरीत पास झाली. दुसऱ्या फेरीच्या वेळी टॉन्सिल सुजल्यामुळे घरी बसली. तरी तिला परत बोलावणं आलं. एकेक फेरी चुकवलेल्या दोघी पाचांतल्या दोन जागा पटकावतात, म्हणजे निवडणाऱ्यांना या पोरींमध्ये काहीतरी दिसलं होतं हे नक्की. जेरीबद्दल आणखी एक गंमत : त्याआधी ती तुर्कस्तानच्या टीव्हीवरच्या एका गेम शोमध्ये बक्षिसं दाखवायचं काम करत होती. तुर्कस्तान पुढे पुन्हा येणार आहे.

सुरुवातीच्या पाचांत एमा बंटन नव्हती. तिच्या जागी मिशेल स्टीफन्सन होती. तिचं इतर चौघींशी काही जुळलं नाही आणि ती बाहेर पडली. गाणं शिकवणाऱ्या पेपी लेमर यांना आपली एक जुनी विद्यार्थिनी आठवली. ती एमा. वय अठरा, सोनेरी केस, आणि आई कराटे शिकवणारी!

मेडनहेडचं घर

मॅनेजरांनी पोरींना लंडनबाहेर मेडनहेडला एका घरात ठेवलं. तालमी सरे परगण्यातल्या नॅपहिल गावच्या ट्रिनिटी स्टुडिओत. लीड्सची मेल बी, म्हणजे मेलनी ब्राउन, मर्सी नदीकाठच्या विडनेसची मेल सी, वॉटफर्डची जेरी, उत्तर लंडनची एमा, आणि हर्टफर्डशरमधल्या खात्यापित्या घरची व्हिक्टोरिया अॅडम्स. पाच जणींच्या बोलीचे हेल पाच तऱ्हांचे. मेल बी आणि जेरीची तर सतत जुंपायची.

हर्बर्ट यांच्या मनातला बँड वेगळा होता. एक मुख्य गायिका, बाकीच्या तिच्या मागे, सगळ्या एका छापाच्या कपड्यांत. पोरींनी ते चालू दिलं नाही. जिला जे शोभेल ते तिने घालावं आणि प्रत्येकीच्या वाट्याला गाण्याचा एकेक तुकडा यावा, ही पद्धत त्यांनी स्वतःच पाडली. पुढे जगभरच्या मुलींच्या बँडांनी हीच पद्धत उचलली. मला वाटतं, या अल्बमचं खरं बीज त्या घरातच पडलं, एकही गाणं रेकॉर्ड व्हायच्या कितीतरी आधी.

बँडचं पहिलं नाव होतं 'टच'. मग ते 'स्पाइस' झालं. या नावाचा एक रॅपर अमेरिकेत आधीच होता, आणि धंद्यातली मंडळी तशीही जरा हेटाळणीने 'त्या स्पाइस गर्ल्स' असंच म्हणायची. पोरींनी तेच नाव उचललं आणि मिरवलं.

अर्ध्या तासात लिहिलेलं गाणं

डिसेंबर १९९४. पोरींनी मॅनेजरांच्या मागे लकडा लावून लंडनच्या नॉमिस स्टुडिओत एक छोटा कार्यक्रम लावून घेतला. गीतकार, निर्माते, कंपन्यांचे लोक यांना बोलावून आपली कला दाखवायची. रिचर्ड स्टॅनर्ड हे गीतकार त्या दिवशी तिथे आले होते ते दुसऱ्याच कामाला, जेसन डोनोवन या गायकाला भेटायला. कॉरिडॉरमधून मेल बी आरडाओरडा करत सुसाट धावत निघाली होती. ते बघून स्टॅनर्ड यांचं लक्ष तिकडे गेलं आणि ते कार्यक्रमाला थांबले.

महिन्याभरात पाच जणी स्टॅनर्ड आणि त्यांचे जोडीदार मॅट रो यांच्यासोबत शोरडिचच्या 'स्ट्राँगरूम' स्टुडिओत पोचल्या. आज शोरडिच म्हणजे लंडनचा चकाचक भाग. तेव्हा तिथे जुन्या वखारी आणि स्वस्त भाड्याच्या जागा. पहिलं गाणं तयार झालं ते संथ आणि भलतंच शृंगारिक. ज्या वयाच्या पोरींसाठी बँड काढलाय त्यांना हे झेपणार नाही म्हणून ते बाजूला पडलं. मग रो यांनी आकाई कंपनीच्या ड्रम मशीनवर एक वेगवान ताल लावला. स्टॅनर्ड यांच्या डोक्यात 'ग्रीस' सिनेमातल्या गाण्याचा जोश घोळत होता. त्या तालावर पाच जणी तुटून पडल्या. ओळी एकमेकींवर फेकल्या, रॅपचा तुकडा रचला, अर्थ नसलेला एक शब्द जागच्या जागी जन्माला घातला. तीसेक मिनिटांत 'वॉनाबी' लिहून झालं आणि तासाभराच्या आत रेकॉर्डही झालं.

हे गाणं कधी इअरफोन लावून ऐका. पहिला स्वर यायच्या आधी कुणाची तरी दबदबती पावलं ऐकू येतात आणि पाठोपाठ एक दिलखुलास हसू. ती मेल बी आहे, माइककडे धावत येणारी. टेप चालू होती, आवाज पकडला गेला, आणि कुणीतरी शहाण्या माणसाने तो तसाच राहू दिला. कोट्यवधी लोकांनी या बँडची ऐकलेली पहिली खूण म्हणजे एका मुलीचं धावणं आणि हसणं! चार महिने स्टुडिओत बसून आखलं असतं तरी इतकी नेमकी सुरुवात सुचली नसती.

फोनवरची व्हिक्टोरिया

गाणं लिहिलं जात होतं तेव्हा व्हिक्टोरिया हजर नव्हती. ती मोबाइलवरून आपलं म्हणणं कळवत राहिली. परिणाम असा की बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात व्हिक्टोरियाच्या वाट्याला एकटीची एकही ओळ नाही. ती कोरसमध्ये आहे, व्हिडिओत आहे, एकटीच्या आवाजात नाही. तिला ते फार लागलं होतं, हे तिने पुढे मोकळेपणाने सांगितलंय.

हातावर तुरी

हर्बर्ट यांना हिऱ्याची पारख होती, पण करार मात्र त्यांनी वेळेत केला नव्हता. नॉमिसच्या कार्यक्रमानंतर धंद्यात कुजबुज सुरू झाली तेव्हा त्यांनी घाईघाईने कागद पुढे केले. पोरींनी सही केली नाही. व्हिक्टोरियाचे वडील व्यावसायिक होते, त्यांचा सल्ला घेत त्यांनी ते प्रकरण लांबवत नेलं. मार्च १९९५ मध्ये त्यांनी हार्ट मॅनेजमेंटच्या हातावर तुरी दिल्या. गाण्यांच्या मूळ टेपा ऑफिसातून गुपचूप उचलल्या, हा किस्सा तर आजही चवीने सांगितला जातो.

आणि गेल्या कुठे? जेरी आणि मेल बी गाडी काढून थेट शेफिल्डला. तिथले गीतकार एलियट केनेडी यांच्यासोबत काम करायचं आधी ठरलेलं होतं. पण ठरवलं होतं मॅनेजरांनी, त्यामुळे यांच्याकडे ना पत्ता ना फोन नंबर. पठ्ठ्यांनी फोनची डिरेक्टरी उघडली, केनेडी आडनावावर बोट ठेवून फोन फिरवत गेल्या आणि माणूस शोधून काढला! त्या भेटीतून 'से यू'ल बी देअर' आणि 'लव्ह थिंग' ही दोन गाणी निघाली. हातात मॅनेजर नाही, कंपनी नाही, पैसे नाहीत, आणि अशा अवस्थेत अल्बमचा एक पंचमांश भाग तयार. 'बनवलेला बँड' म्हणणाऱ्यांनी हा प्रवास एकदा नीट आठवावा.

हर्बर्ट बाप-लेकांनीही हार मानली नाही. १९९७ मध्ये त्यांनी पाच मुलांचा 'फाइव्ह' नावाचा बँड काढला आणि तोही जोरात चालला.

नाचता नाचता सापडलेला सूर

पॉल विल्सन आणि अँडी वॉटकिन्स ही जोडी 'अॅब्सोल्यूट' या नावाने काम करायची. त्यांचा जीव अमेरिकी पद्धतीच्या आर अँड बीवर. पोरींनी त्यांना 'वॉनाबी' ऐकवलं तेव्हा दोघांना ते अजिबात कळलं नाही. हे काय आहे, हे बाजारात कुठे बसणार, असा त्यांना प्रश्न पडला. पहिल्या बैठकांतून हाती फारसं लागलं नाही आणि प्रकरण तिथेच संपायच्या बेताला आलं होतं.

मग एक दिवस वेगळं झालं. ताल चालू होता आणि पाच जणी गाण्याच्या ओळी लिहिता लिहिताच त्यावरचा नाचही बसवू लागल्या. शब्द आणि पावलं एकाच वेळी. तेव्हा कुठे अॅब्सोल्यूटच्या डोक्यात उजेड पडला : यांचं गाणं केवळ कानासाठी नाहीच, ते डोळ्यांपुढे घडत असतं. त्या समजुतीतून 'हू डू यू थिंक यू आर' आलं, सत्तरच्या दशकातल्या डिस्कोचा ठसका असलेलं. अॅब्सोल्यूटसोबत लिहिलेली चार गाणी शेवटी अल्बमवर आली. अल्बमचं शेवटचं गाणं मात्र पुन्हा स्टॅनर्ड-रो जोडीसोबतचं, 'इफ यू कान्ट डान्स'. त्यात जेरीने चक्क स्पॅनिशमध्ये रॅप केलंय. तिची आई मूळची स्पेनची, म्हणजे ही भाषा तिच्या घरातलीच.

वाटणी समसमान

आता या सगळ्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. गाणी लिहिताना पाच जणींचा वाटा सारखा असायचा का? छे! जेरी वही भरभरून कल्पना घेऊन यायची : घोषवाक्यं, अर्धवट ओळी, विषय. चाल गळ्यात बसवायची आणि वरच्या पट्टीतल्या जागा घ्यायची ती मेल सी. 'ममा' हे गाणं मेल बीच्या आईशी झालेल्या भांडणातून आणि समेटातून उगवलं. कुणी एका दिवशी खूप द्यायचं, कुणी त्या दिवशी हजरही नसायचं.

तरी श्रेय आणि मानधन पाचांत सारखं वाटायचं, असं त्यांनी आपसात ठरवलं आणि पाळलं. म्हणून दहाच्या दहा गाण्यांवर पाच जणींची नावं दिसतात, 'वॉनाबी'वर व्हिक्टोरियाचंसुद्धा. बँड फुटायला पहिलं कारण बहुधा पैसाच असतो. एक जण गाणी लिहितो, रॉयल्टी त्याला, बाकीचे तोंड बघत बसतात. विशीतल्या, खिशात दमडी नसलेल्या पाच पोरींनी ते दुखणं व्हायच्या आधीच औषध करून ठेवलं. हा शहाणपणा कुठल्या मॅनेजरने शिकवलेला नव्हता.

पाच बाहुल्या आणि एक करार

१९९५ मध्ये त्या सायमन फुलर यांच्या '१९ मॅनेजमेंट'कडे गेल्या. पाठोपाठ कंपन्यांची रांग लागली आणि त्याच वर्षी व्हर्जिन रेकॉर्ड्सशी करार झाला. सहीच्या दिवशी व्हर्जिनची बडी मंडळी वाट बघत बसली होती. गाडी आली, दार उघडलं, आत हवा भरलेल्या पाच प्लॅस्टिकच्या बाहुल्या! खऱ्या पाच जणी मागाहून हसत अवतरल्या.

ओळखीचा माउथ ऑर्गन

'से यू'ल बी देअर'च्या मध्यावर माउथ ऑर्गनचा एक तुकडा येतो आणि ऐकताना वाटतं, हा सूर आधी कुठेतरी भेटलाय. वाटणं बरोबर आहे. वाजवणारे जड लँडर. १९८३ मध्ये कल्चर क्लबच्या 'कर्मा कमिलियन'मधला माउथ ऑर्गनही त्यांचाच.

प्रेमगीतात आरोग्याचा सल्ला

'टू बिकम वन' हे अल्बममधलं सगळ्यात मऊ गाणं. त्यातल्या व्हायोलिनांची रचना क्रेग आर्मस्ट्राँग यांची. पुढे 'मुलाँ रूज' सिनेमाचं संगीत करणारे ते हेच. गाणं ऐकायला मखमली, पण त्यात पोरींनी एक कामाचा सल्ला पेरलाय : जवळ यायचं तर काळजी घेऊन, कंडोम विसरू नका. नव्वदच्या दशकात एड्सची धास्ती घरोघरी होती. लाखो किशोरवयीन मुली हे गाणं ऐकणार हे ओळखून त्यांनी ते मुद्दाम लिहिलं.

सिंगल म्हणून काढताना गाणं पुन्हा हाताळलं गेलं. मुलगा-मुलगी अशा जोडीचा उल्लेख असलेली ओळ बदलून सर्वच प्रेमिकांना लागू पडेल अशी केली, कारण चाहत्यांत समलिंगी मुलं-मुली मोठ्या संख्येने होते आणि बँडला ते ठाऊक होतं. जेरीचा तो तुकडा व्हिक्टोरियाकडे आला. 'वॉनाबी'त हुकलेली संधी तिला इथे मिळाली! व्हिडिओत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून गाड्या सुसाट पळतात आणि पाच जणी थंडीत कोट घालून फिरतात. प्रत्यक्षात त्या लंडनच्या स्टुडिओत रंगीत पडद्यापुढे उभ्या होत्या. गाणं १९९६ च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

आधी कुठलं गाणं?

अल्बम तयार झाला आणि भांडण पेटलं. व्हर्जिनच्या मंडळींना 'वॉनाबी' पहिलं सिंगल म्हणून नको होतं. 'से यू'ल बी देअर' काढा, ते सफाईदार आहे, अमेरिकी कानाला रुचेल, असा त्यांचा आग्रह. 'वॉनाबी' नीट करावं म्हणून ते अमेरिकेतल्या डेव्ह वे यांच्याकडे मिक्सिंगला पाठवलं गेलं. आलेलं रूप पोरींनी फेटाळलं. मग आणखी एक-दोन वेगळ्या धाटणीची रूपं आली. तीही फेटाळली. अखेर गाणं मार्क स्टेंट यांच्या हाती गेलं. ब्यॉर्कसारख्या कलावंतांबरोबर काम केलेला हा माणूस. त्यांना ते विचित्र पॉप गाणं वाटलं, पण आवाज घट्ट करत, फापटपसारा काढत सहा तासांत त्यांनी ते जमवून दिलं. आपण आज ऐकतो ते हेच रूप. पुढे अल्बमच्या मिक्सिंगचं कामही स्टेंट यांच्याकडे आलं.

आणि पहिलं सिंगल? 'वॉनाबी'च. जेरी आणि मेल बी हटून बसल्या, कंपनीला माघार घ्यावी लागली.

गिल्बर्ट स्कॉटच्या जिन्यावर

व्हिडिओ बार्सिलोनात करायचा ठरला होता. तिथे परवानगी मिळाली नाही. मग १९ एप्रिल १९९६ च्या रात्री लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला चिकटलेल्या मिडलँड ग्रँड हॉटेलच्या पडीक इमारतीत कॅमेरा लागला. इथे मुंबईकरांनी कान टवकारावेत! ही इमारत सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांची, आणि मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांचाच. स्कॉट मुंबईला कधीच आले नाहीत. त्यांनी नकाशे लंडनहून पाठवले. फोर्टात ओव्हल मैदानाकडून त्या टॉवरकडे पाहताना दिसणाऱ्या टोकदार कमानी आणि 'वॉनाबी'च्या जिन्यामागच्या कमानी एकाच हाताच्या आहेत.

दिग्दर्शक होते स्वीडनचे योहान कामिट्झ. गाणं सलग एका दमात घ्यायचं, असा त्यांचा बेत. उंच तळव्यांचे बूट घालून पाच जणींनी रात्रभर ते जिने चढ-उतार केले, मेल सीने कोलांट्या मारल्या. शेवटी दोन टेक अलगद जोडून एक केले. सांधा शोधायचा असेल तर डोळ्यांत तेल घालून बघा. व्हर्जिनला व्हिडिओ आवडला नाही. अंधारा आहे, थंडीमुळे मेल बीच्या अंगावरचे तोकडे कपडे जरा जास्तच बोलतायत, अशी तक्रार. आशियातल्या काही ठिकाणी तर त्यावर बंदी आली. पण ब्रिटनमध्ये 'द बॉक्स' नावाचं एक केबल चॅनल होतं. प्रेक्षकांनी फोन करून मागायचं आणि चॅनलने ते गाणं लावायचं. पोरासोरांनी फोनचा असा सपाटा लावला की ऐन भरात आठवड्याला सत्तर वेळा 'वॉनाबी' लागायचं.

८ जुलै १९९६ ला सिंगल ब्रिटनमध्ये आलं. पहिल्या आठवड्यात तिसरा क्रमांक, मग सलग सात आठवडे पहिला. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेतही चार आठवडे अव्वल.

जेवताना सुचलेली टोपणनावं

स्केरी, स्पोर्टी, बेबी, जिंजर, पॉश. ही नावं बँडने किंवा कंपनीने ठरवलेली नाहीत. 'टॉप ऑफ द पॉप्स' मासिकाचे संपादक पीटर लोरेन यांनी १९९६ च्या उन्हाळ्यात पाच जणींसोबत जेवण घेतलं. नंतर ऑफिसात सहकाऱ्यांबरोबर बसून मजेत प्रत्येकीला एकेक नाव दिलं आणि मासिकात मसाल्याच्या बाटल्यांच्या फळीसारखी मांडणी करून छापलं. पहिलं सुचलं ते 'पॉश'. पोरींना नावं आवडली, वाचकांनी ती डोक्यावर घेतली. जगातल्या कितीतरी शाळांच्या मैदानात त्यानंतर मैत्रिणींमध्ये 'तू बेबी, मी स्पोर्टी' अशा वाटण्या झाल्या असतील.

तिबिलिसीतलं हॉटेल

'से यू'ल बी देअर'चा व्हिडिओ अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात झाला. दिग्दर्शक व्हॉन आर्नेल. व्हिक्टोरिया काळ्या चकचकीत पोशाखात. नोव्हेंबर १९९६ मध्ये इंग्लंडचा फुटबॉल संघ सामन्यासाठी जॉर्जियात गेला होता. तिबिलिसीतल्या हॉटेलात टीव्हीवर हा व्हिडिओ लागला आणि एक तरुण खेळाडू खोलीतला सोबती गॅरी नेव्हिल याला म्हणाला, की हीच मुलगी आपल्याला हवी. तो डेव्हिड बेकहम. १९९९ मध्ये दोघांचं लग्न झालं.

कपबशा पुसायचं फडकं

ब्रिटनमध्ये अल्बम एकूण १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्यातली चारही सिंगल्स अव्वल. चौथ्या सिंगलवर दोन गाणी होती, 'ममा' आणि 'हू डू यू थिंक यू आर'. ते 'कॉमिक रिलीफ' या मदतनिधीसाठी काढलेलं आणि ब्रिटनमधल्या मातृदिनाच्या मुहूर्तावर आलेलं. अमेरिकेत १९९७ चा सगळ्यात खपाचा अल्बम हाच.

२४ फेब्रुवारी १९९७ च्या ब्रिट पुरस्कारांसाठी जेरीला गुचीचा काळा तोकडा ड्रेस मिळाला होता. तिला तो फारच साधा वाटला. बहिणीने ब्रिटिश झेंडा छापलेला टी टॉवेल, म्हणजे कपबशा पुसायचं फडकं, त्यावर पुढून शिवून दिलं. मागच्या बाजूला शांततेचं चिन्ह लावलं, उगाच कुणी झेंड्याचा वेगळा अर्थ काढू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी तो ड्रेस सगळ्या वर्तमानपत्रांत होता. १९९८ मध्ये सदबीच्या लिलावात तो ४१,३२० पौंडांना गेला.

आपल्याकडे या लाटेचं पाणी थोडं उशिरा पोचलं. २००२ मध्ये चॅनल व्हीने 'पॉपस्टार्स' या कार्यक्रमातून देशभरातल्या मुलींतून पाच जणी निवडल्या : अनुष्का मनचंदा, नेहा भसीन, प्रतिची महापात्रा, महुआ कामत आणि सीमा रामचंदानी. बँडचं नाव 'व्हिवा'. त्यांचं पहिलं गाणं त्या वर्षी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजलं नाही असं गाव सापडणं कठीण.

२०१४ मध्ये मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाने एक ऑनलाइन खेळ ठेवला. गाण्याचा तुकडा वाजायचा, ओळखीचा वाटला की बटण दाबायचं. बारा हजारांहून जास्त लोक खेळले. सगळ्यात लवकर ओळखलं गेलेलं गाणं 'वॉनाबी', सरासरी अवघ्या २.२९ सेकंदांत.

आणि आता तुर्कस्तान. 'स्पाइस' कोट्यवधींनी खपला, अमेरिका जिंकली, तरी तोवर या पाच जणींनी पूर्ण लांबीची एकही जाहीर मैफल केलेली नव्हती. टीकाकार डोळे लावून बसले होते : यांना रंगमंचावर वाद्यवृंदासोबत गाता येतं तरी का? पहिली मैफल ठरली १२ ऑक्टोबर १९९७ ला, इस्तंबूलमध्ये. पोरी फ्रान्समध्ये आठवडे न आठवडे तालीम करून आल्या होत्या. सोबत वादकांचा ताफा, तिकिटं संपलेली, दोन रात्री. पुढच्याच महिन्यात त्यांनी सायमन फुलर यांनाही रजा दिली आणि आपला कारभार स्वतःच्या हाती घेतला.